खडकावर दावा

‘अ सिव्हिल ॲक्शन’ हा १९९८चा सिनेमा एका हिशेबाने सुरू होतो. जॉन ट्रॅव्होल्टाने केलेला वकील जॅन श्लिक्टमन आपल्याला समजावून सांगतो की नुकसानभरपाईच्या बाजारात कुणाचा काय भाव असतो. ऐन चाळिशीतल्या कमावत्या गोऱ्या पुरुषाला सगळ्यांत जास्त. मेलेल्यापेक्षा जिवंत राहून हाल सोसणाऱ्याला जास्त. आणि सगळ्यांत तळाला मेलेलं मूल. पुढचे दोन तास आपण ज्या खटल्यात बसणार आहोत तो नेमका मेलेल्या मुलांचा आहे, हे तेव्हा आपल्याला ठाऊक नसतं.

खटला खरा आहे. बोस्टनजवळच्या वोबर्न या गावात कातडी कमावण्याचे जुने कारखाने होते आणि मधून अबेर्जोना नदी वाहते. गावाने १९६४ आणि १९६७ मध्ये पाण्यासाठी दोन विहिरी खोदल्या, जी आणि एच. पाण्याला वास यायचा, चव विचित्र लागायची. लोक तक्रार करायचे आणि पालिका सांगायची, पाणी चांगलं आहे. (हे उत्तर आपल्याकडेही कुणाला नवीन नाही.) १९७९ मध्ये जवळ बेवारस पिंपं सापडली म्हणून पाणी तपासलं, तेव्हा त्यात ट्रायक्लोरोइथिलीन निघालं, म्हणजे यंत्रांवरचं तेल-ग्रीस धुवायचं रसायन. तोवर तिथल्या आयांच्या लक्षात आलं होतं की आपल्या मुलांना एकच आजार आहे, रक्ताचा कर्करोग. १९८२ मध्ये आठ कुटुंबांनी डब्ल्यू. आर. ग्रेस आणि बीट्रिस फूड्स या दोन बड्या कंपन्यांवर दावा लावला. जोनाथन हार या पत्रकाराने त्यावर १९९५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि स्टीव्हन झेलियनने त्याचा सिनेमा केला.

विषारी पाण्याच्या खटल्यांचे सिनेमे ही आता एक जातच झाली आहे. ‘एरिन ब्रॉकोविच’ सगळ्यांनी पाहिलेला असतो, ‘डार्क वॉटर्स’ मित्र सुचवतो आणि ‘अ सिव्हिल ॲक्शन’ मागे राहतो. मला तो या तिघांत सगळ्यांत कडक वाटतो. ‘एरिन’ बघताना मजा येते, कारण त्यात ज्युलिया रॉबर्ट्स जिंकते: हिंकली गावच्या लोकांना १९९६ मध्ये पीजी अँड ई या वीज-गॅस कंपनीकडून ३३ कोटी ३० लाख डॉलर मिळाले. ‘डार्क वॉटर्स’मध्ये ड्युपाँटशी झगडणाऱ्या वकिलाचं आयुष्य आपल्यासमोर झिजत जातं. जवळजवळ सत्तर हजार लोकांचं रक्त तपासायला घेतात आणि शास्त्रज्ञांचा निष्कर्ष यायला वर्षांमागून वर्षं जातात. शेवटी २०१७ मध्ये ६७ कोटी डॉलरची तडजोड होते. दोन्ही सिनेमे चांगले आहेत. पण दोघांची बांधणी एकच: एका टोकाला आजारी माणूस, दुसऱ्या टोकाला कंपनी आणि मधे एक पाइप. वकिलाने पाइपच्या कडेकडेने चालत जायचं आणि शेवटी दार ठोठवायचं.

‘अ सिव्हिल ॲक्शन’मध्येही पाइप आहे, पण तो जमिनीखाली आहे. दिसत नाही. तिथूनच हा सिनेमा वेगळा होतो. विहिरींत विष होतं हे कुणी नाकारत नव्हतं. प्रश्न होता की ते कुणाच्या जागेतून आलं, नदीच्या या काठावरच्या विहिरी पलीकडच्या बीट्रिसच्या जमिनीखालचं पाणी ओढतात का, आणि मुख्य म्हणजे ते विहिरीपर्यंत कधी पोचलं. न्यायाधीश स्किनर यांनी खटल्याचे टप्पे पाडले. आधी भूगर्भ, मग आजार. रसायन विहिरीत पोचल्याचं पहिल्या टप्प्यात सिद्ध झालं, तरच दुसऱ्या टप्प्यात आयांनी साक्षीला उभं राहायचं.

१९८६ मध्ये पहिला टप्पा ७८ दिवस चालला. ज्युरीला विचारलेले प्रश्न इतके गुंतागुंतीचे होते की आजही वाचताना डोकं धरावं लागतं: अमुक रसायन विहिरीत पोचल्याचा सर्वांत आधीचा महिना आणि वर्ष सांगा. ज्युरीने बीट्रिसला सोडलं, ग्रेसला धरलं, आणि ग्रेससाठी तारीख दिली ती १९७३ची. दाव्यातल्या एका मुलाच्या आजाराचं निदान १९७२च्या जानेवारीत झालेलं होतं. म्हणजे कागदोपत्री ते मूल विष यायच्या आधीच आजारी पडलं. न्यायाधीशांनी तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायचा हुकूम दिला. ग्रेसने ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. दुसरा टप्पा आलाच नाही. ज्या बायांनी हे सगळं सुरू केलं, त्यांना ज्युरीसमोर एक शब्दही बोलता आला नाही.

इथे माझी या सिनेमाबद्दल तक्रार आहे. कोर्टाने कुटुंबांना बाहेर बसवलं आणि सिनेमाही त्यांना बाहेर बसवतो. सुरुवातीला एक बाप श्लिक्टमनला सांगतो की मुलाला घेऊन दवाखान्यात निघालो होतो आणि ते गाडीतच गेलं. कॅमेरा फारसा हलत नाही, संगीत वर चढत नाही. ट्रॅव्होल्टाचा चेहरा उतरत जातो आणि आपल्याला कळतं की सुरुवातीचा भावफलक आता निकामी झाला. एवढं जमल्यावर पुढे काय होतं? ऑफिसचं फर्निचर विकलं जातं, घरं गहाण पडतात, भागीदार भांडतात. रॉबर्ट डुव्हालने केलेला बीट्रिसचा म्हातारा वकील फॅशर अफलातून आहे, त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. पण हळूहळू लक्षात येतं की आठ कुटुंबांतली दोन-तीनच आपल्याला ओळखता येतात. शेवटी श्लिक्टमनकडे बँकेत १४ डॉलर आणि एक छोटा रेडिओ उरतो, तेव्हा आपल्या पोटात कालवतं ते त्याच्यासाठी. हारच्या पुस्तकातही नायक श्लिक्टमनच आहे, पण तिथे घरांत शिरायला, तिथे थांबायला जागा आहे. झेलियनने ती जागा वकिलाच्या दिवाळखोरीला देऊन टाकली.

या लोकांना पैसे नको होते. कुणीतरी येऊन चूक झाली म्हणावं, एवढीच त्यांची मागणी होती. सिनेमा ती मागणी मांडतो आणि विसरतो.

हे सगळं मी किल्लारीत बसून का बघतो, तर ‘दोषी कोण’ या प्रश्नाशी आमचं जुनं वाकडं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जे झालं, त्याचा प्रतिवादी नाही. तेव्हा काही लोकांनी निम्न तेरणा धरणाकडे बोट दाखवलं, शास्त्रज्ञांत त्यावर वादही झाला. जड माळवदं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी माणसं मारली हेही सांगून झालं. पण दावा कुणावर? मी भूकंपानंतर नव्या गावात जन्मलो, सरळ रेषांच्या गल्ल्यांत. घरात त्या रात्रीबद्दल बोलताना वाक्यांना कर्ताच नसायचा: पडलं, गेलं, दबलं.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक. आमच्याकडे तो इतका खोल आहे. पण नांदेडच्या पूर्वेकडे जाताना काळा बेसॉल्ट विरत जातो आणि हाच जुना खडक वर येतो. त्यातल्या खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी त्या भेगांत जितका काळ मुरतं, तितकं ते विरघळतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्यापुढे आधी लहान मुलांचे दात जातात, मग वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर हाडं आणि सांधे.

इंजिनिअरिंगला माझ्या होस्टेलवर किनवट तालुक्यातला एक मुलगा होता. हसताना तो तोंडावर हात घ्यायचा. दातांवर आडवे तपकिरी पट्टे. मुलांना वाटायचं गुटखा. तो कुणाला काही सांगत बसत नसे.

आता वोबर्नच्या ज्युरीपुढचा तो प्रश्न परत आठवा: कोणता महिना, कोणतं वर्ष? कायमच्या दातांवरचं कवच जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत आतल्या आत तयार होत असतं. फ्लोराइडचा डाग पडतो तो त्याच काळात. दात एकदा वर आला की नंतर कितीही खराब पाणी प्या, असा पट्टा उमटत नाही. म्हणजे कोणत्या दातावर कुठे पट्टा आहे यावरून मूल साधारण कोणत्या वयात ते पाणी पीत होतं ते सांगता येतं. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की दोष कुणाचा हे न विचारता काय घडलं ते लिहायची पद्धत आहे. पद्धत चांगली आहे, पण तिला लॉग लागतो. वोबर्नच्या पाण्याकडे लॉग नव्हता, म्हणून ते लोक हरले. नांदेडच्या मुलांच्या तोंडात तो आहे. पण पाइपच्या दुसऱ्या टोकाला कंपनी नाही, खडक आहे.

आणि एक हापसा. इथे गोष्ट अजून अवघड होते. १९६०च्या दशकाच्या शेवटी युनिसेफने खडक फोडणारी वेगवान यंत्रं भारतात आणली. १९७२च्या दुष्काळाने बोअरची निकड आणखी पटवली. त्यांवर बसलेला ‘इंडिया मार्क टू’ हापसा ज्या सोलापूर पंपावरून घडला, तो आपल्याच सोलापूरचा. उघड्या विहिरी आणि बारवांतल्या पाण्याने कॉलरा व्हायचा, नारू व्हायचा. पायातून हातभर जंत निघायचा, म्हातारी माणसं अजून सांगतात. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात या हापशांचा मोठा वाटा आहे. त्याच हापशाने काही गावांत पोरांचे दात घालवले. ज्याने बोअर घेतलं त्याने पोरांना वाचवायलाच घेतलं होतं. ट्रॅव्होल्टाला इथे आणून उभं केलं तर तो कुणाची उलटतपासणी घेणार?

असा प्रयत्न एकदा झाला आहे. बांगलादेशात याच भल्या हेतूने खोदलेल्या कूपनलिकांतून आर्सेनिक निघालं. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाने १९९२ मध्ये तिथलं पाणी तपासलं होतं, पण आर्सेनिकसाठी नाही. एका बांगलादेशी गावकऱ्याने लंडनमध्ये दावा लावला: तुम्ही पाहिलं का नाही? जुलै २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. ज्यांनी पाणी दिलं नाही, ज्यांचा त्यावर ताबा नाही, त्यांची या माणसाशी इतकी जवळीक नाही की कायद्याने जबाबदारी यावी. निकाल तर्काला धरून आहे आणि म्हणूनच जास्त त्रास देतो.

आपल्याकडे हे प्रकरण कोर्टात गेलं, पण भरपाईच्या वाटेने नाही. ॲड. असीम सरोदे आणि इतरांनी नांदेडच्या फ्लोराइडचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या पीठापुढे नेला. प्रतिवादी जिल्हाधिकारी. मला ही चाल हुशारीची वाटते. खडकाने काय केलं हे विचारायचंच नाही. खडक असा आहे हे माहीत असताना तुम्ही काय केलंत, ते विचारायचं. पाणी तपासणं, बाधित बोअर बंद करणं, दुसरं पाणी देणं ही कामं कुणाची तरी नेमून दिलेली आहेत, भूजलाचा कायदाही आहे. इथे तारखेचं कोडं सुटतं: अहवालात ज्या दिवशी जास्तीचा आकडा आला, त्या दिवसापासून मोजा.

पण यातून सिनेमा होत नाही. वोबर्नचा खटला ‘अँडरसन विरुद्ध क्रायोव्हॅक’ म्हणून ओळखला जातो. साक्षीला उभं राहू दिलं नाही, तरी एका आईचं आडनाव शीर्षकात आहे. आपल्या प्रकरणात वकिलाचं नाव आणि एक पद. पदावरचा माणूस दोन-तीन वर्षांत बदलतो. ‘एरिन’चा दिग्दर्शक त्याला कुठून शोधणार?

आपल्या सिनेमातलं जवळचं उदाहरण म्हणजे सत्यजित राय यांचा १९८९चा ‘गणशत्रू’, इब्सेनच्या नाटकावरून केलेला. देवळाच्या तीर्थात दूषित पाणी मिसळतंय आणि गावात कावीळ पसरतेय, हे एक डॉक्टर सांगायला जातो आणि सगळं गाव त्याच्यावर उलटतं. सिनेमा धाडसी आहे, पण तिथेही आजारी माणसं पडद्यामागे आहेत आणि लढाई दिवाणखान्यात चालते. ‘डार्क वॉटर्स’मध्ये एक क्षण मात्र आहे. पेट्रोल पंपावर वकिलाला एक तरुण दिसतो, जन्मतः चेहऱ्यात व्यंग असलेला. तो नट नाही. ज्याची आई त्या कारखान्यात काम करायची, तोच माणूस स्वतःच्या भूमिकेत आहे. तो काही मागत नाही, आरोप करत नाही. तीन सिनेमांतल्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा ती काही सेकंदं मला जास्त पटली.

कुणी मराठीत नांदेडचा सिनेमा केलाच, तर मला त्यात वोबर्नचा न आलेला दुसरा टप्पा बघायचा आहे. भूगर्भतज्ज्ञाला दहा मिनिटं पुरतील. मग दाताचा डॉक्टर यावा, त्याने एकेका पोराला आ करायला लावावं आणि शांतपणे सांगत जावं: हा पट्टा तीन वर्षांचा असतानाचा, हा पाचव्या वर्षाचा. आणि समोर जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतला कुणीतरी त्या-त्या वर्षीचा पाणी तपासणीचा कागद फाइलीतून शोधत बसलेला असावा.