केवडा, भुरी आणि पाच सृष्टींचे कप्पे

सजीवांच्या वर्गीकरणाचा पाठ साधारणपणे ठरावीक साच्यातला असतो. रॉबर्ट व्हिटेकर, १९६९, पाच सृष्टी. मग प्रत्येकीची लक्षणे आणि उदाहरणे. प्रोटिस्टासमोर अमीबा, पॅरामेशियम; कवकांसमोर यीस्ट, पेनिसिलियम. विद्यार्थी हे पाठ करतो, गुणही मिळवतो. पण यातून त्याला जीवशास्त्र किती कळते?

व्हिटेकरांच्या मांडणीचे बळ तिच्या कसोट्यांत आहे. पेशीची रचना कशी, शरीर एकपेशीय की बहुपेशीय, अन्न मिळवण्याची रीत कोणती? वनस्पती अन्न तयार करतात, प्राणी गिळतात. बुरशी मात्र पाचकरस बाहेर सोडते आणि पचलेले अन्न शोषून घेते. त्यामुळे बुरशी म्हणजे ‘हरितद्रव्य नसलेली वनस्पती’ ही जुनी समजूत मागे पडली. पाठात मात्र कसोट्या दोन ओळींत संपतात आणि उदाहरणांच्या याद्या पान व्यापतात.

याहून मोठी उणीव अशी, की कसोटी कुठे अपुरी पडते हे सांगितलेच जात नाही. द्राक्षावरील भुरी आणि केवडा हे दोन रोग घ्या. दोन्हींत पानावर पांढरट वाढ दिसते. दोन्ही रोगकारक अन्न शोषून घेतात. दोघांनाही आपण बुरशीच म्हणतो. व्हिटेकरांनीही केवड्याचा गट कवकांतच ठेवला होता. परंतु भुरीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, केवड्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज. केवड्याचे चलबीजाणू दोन कशाभिकांच्या साहाय्याने पाण्यात पोहतात. रेणवीय अभ्यासानुसार केवडा हा तपकिरी शैवाल व डायटम यांचा नातलग आहे. खरी कवके मात्र वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची, हे १९९३ मधील संशोधनाने दाखवले.

हा वाद केवळ नावाचा नाही. ट्रायझोल गटातील बुरशीनाशके एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. कवकांच्या प्रद्रव्यपटलाला ते लागते. म्हणून ती भुरीवर चालतात. केवड्याचा रोगकारक एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. तेथे ही फवारणी वाया जाते. उलट मेटॅलॅक्झिल केवड्यावर चालते, भुरीवर नाही. चुकीच्या कप्प्याची किंमत बागायतदार मोजतो.

प्रोटिस्टा हा तर उरलेल्यांचाच कप्पा. त्यातला अमीबा त्याच कप्प्यातल्या डायटमपेक्षा बुरशीला, आणि तुम्हा-आम्हालाही, जवळचा आहे.

म्हणून पाच सृष्टी शिकवूच नयेत असे नाही. पारदर्शक पिशवीत बंद केलेला बुरशी आलेला पाव आणि डबक्याच्या पाण्याचा थेंब वर्गात आणावा. व्हिटेकरांचे प्रश्न मुलांनाच विचारू द्यावेत. मग केवड्याचे पान दाखवावे आणि विचारावे : याला कुठे ठेवाल, आणि का? त्या ‘का’साठीही काही गुण असावेत.