धर्मनेत्याचा स्वभाव आणि लक्ष्मीबाईंची नजर

धर्मनेत्यांची चरित्रे बहुधा दोन प्रकारांनी लिहिली जातात. पहिल्या प्रकारात लेखक भक्त असतो. त्याच्या दृष्टीने चरित्रनायकाला स्वभाव असा नसतोच, केवळ सद्गुण असतात. त्याचा राग हा 'धर्माचा आवेश' ठरतो, त्याचा हट्ट ही 'निष्ठा' ठरते. दुसऱ्या प्रकारात लेखक मानसशास्त्राचा अभ्यासक असतो. त्याच्या दृष्टीने नायकाला स्वभावाखेरीज दुसरे काहीच नसते. त्याची प्रार्थना, त्याचे दर्शन, त्याचा त्याग या सर्वांचा उगम तो बालपणातील एखाद्या जखमेत शोधतो आणि तो सापडला, की आपले काम संपले असे मानतो. पहिल्या प्रकाराने श्रद्धावंत सुखावतात, दुसऱ्याने सुशिक्षित. परंतु ज्यांना खऱ्याखुऱ्या धर्मनेत्यांबरोबर रोजचा व्यवहार करावा लागतो, त्या सामान्य कुटुंबांच्या हाती या दोहोंतून फारसे काही लागत नाही.

मानसशास्त्राला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. या विषयाचा पाया घालणाऱ्या विल्यम जेम्स यांनी एडिंबरो येथे दिलेली व्याख्याने १९०२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. संत पौलाला दमास्कसच्या वाटेवर झालेले दर्शन म्हणजे केवळ मेंदूचा विकार, असे म्हणून विषय निकालात काढणाऱ्यांचा त्यांनी त्याच ग्रंथात समाचार घेतला. धार्मिक अनुभवाची पारख त्याच्या मुळांवरून न करता फळांवरून करावी, हे त्यांचे सूत्र सुवार्तेच्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही. पुढे १९५८ साली एरिक एरिक्सन यांनी तरुण मार्टिन ल्यूथरवर ग्रंथ लिहून पिता-पुत्र संघर्षाच्या प्रकाशात एका धर्मसुधारकाची घडण मांडली. तुटपुंज्या साधनांवर फार मोठे निष्कर्ष उभारले, असा आक्षेप इतिहासकारांनी त्यावर घेतला आणि तो रास्तही आहे. तरीसुद्धा एक प्रश्न त्या ग्रंथाने आपल्यासमोर ठेवला: देवाची हाक ज्याच्या कानी पडते, तो माणूस आधी कोण असतो? आपली ईशज्ञानाची परंपराही या प्रश्नाला घाबरत नाही. कृपा निसर्गाचा नाश करीत नाही, त्याला पूर्णत्वास नेते, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण प्रत्येक धर्मगुरू सेमिनरीत शिकतो. पूर्णत्वास न्यायचे म्हटले, की आधी तो निसर्ग नीट पाहावा लागतो. तो पाहायचा कोणी, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तम उत्तर मराठीत आहे, आणि ते एका स्त्रीने लिहिले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठी आत्मचरित्रांत त्यांचे स्थान सर्वमान्य आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतील उताऱ्यांमुळे त्यांतले प्रसंग अनेकांच्या ओळखीचेही आहेत. परंतु धर्मनेत्याच्या स्वभावाचा अभ्यास या दृष्टीने आपण हे पुस्तक क्वचितच वाचतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे कवी होते, उपदेशक होते, 'ज्ञानोदया'चे संपादक होते आणि महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाचे नेते होते. त्यांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १९२३ साली, जे. सी. विन्स्लो यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्यात महाराष्ट्राचा ख्रिस्ती कवी आपल्याला भेटतो. 'स्मृतिचित्रां'त भेटतो तो त्या कवीच्या घरातला माणूस.

या पुस्तकाची सुरुवात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापासून होते, याला माझ्या मते मोठा अर्थ आहे. त्या गृहस्थांच्या शुचिर्भूतपणाला काही मर्यादाच उरली नव्हती. स्पर्शास्पर्शाच्या भयाने सारे घर वेठीला धरले गेले होते आणि त्याचा त्रास बायकामुलांनी मुकाट्याने सोसला होता. धर्माच्या नावाखाली एका माणसाचा स्वभाव घरावर कसा राज्य करतो, याचा हा पहिला धडा लक्ष्मीबाईंना बालपणीच मिळाला. त्यामुळे पुढे टिळकांच्या घरात आल्यावर, धर्म कोणता आणि स्वभाव कोणता हे निवडून वेगळे करण्याची दृष्टी त्यांच्यापाशी तयार होती. ही दृष्टी त्यांना कोणत्याही शास्त्राने दिलेली नव्हती. तांदळातले खडे निवडणाऱ्या गृहिणीची ती दृष्टी होती.

त्यांना दिसलेले टिळक कसे आहेत? अत्यंत उदार, पण हातात पैसा न टिकणारे. कवितेत आणि विचारात इतके बुडालेले, की व्यवहाराचे भान नाही. शीघ्रकोपी, आणि तितक्याच शीघ्र विरघळणारे. एका जागी स्वस्थ न बसणारे, मनात आले की घर सोडून निघणारे. आईच्या मृत्यूनंतर कोवळ्या वयातच घराबाहेर पडलेल्या या मुलाला पुढे आयुष्यभर कोणतेच घर पुरेसे वाटले नाही, असा निष्कर्ष एखाद्या मानसशास्त्रज्ञाने काढला असता. लक्ष्मीबाई तो काढीत नाहीत. त्या प्रसंग सांगतात आणि पुढे जातात.

पण प्रसंग एकापुढे एक ठेवले, की एक गोष्ट लक्षात येते. टिळकांचे दोष आणि टिळकांचे नेतृत्व यांची मुळे एकच होती. ज्या अस्वस्थतेने त्यांनी संसाराची वारंवार ओढाताण केली, त्याच अस्वस्थतेने त्यांना सत्याच्या शोधात स्वस्थ बसू दिले नाही. ज्या हाताला पैसा धरता येत नव्हता, त्याच हाताने त्यांनी अनाथ मुले घरी आणली. ज्या स्वभावाला कोणाची चाकोरी मानवत नव्हती, त्याच स्वभावाने ख्रिस्ती उपासनेत भजन आणि कीर्तन आणले आणि परदेशी मिशनऱ्यांच्या वळणाऐवजी ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाने ख्रिस्तभक्ती गाइली. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला, तो याच स्वभावाचा परिपाक होता. हा स्वभाव दुरुस्त करून त्यांना कोणी नेमस्त कारकून बनविले असते, तर महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजाची केवढी हानी झाली असती!

म्हणून दोष मोजू नयेत काय? लक्ष्मीबाई ते मोजतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीच्या संमतीवाचून. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षे पती-पत्नींची ताटातूट झाली. लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहणाऱ्या त्या तरुण स्त्रीवर काय ओढवले, हे पुस्तकात आहे. टिळकांचा निर्णय श्रद्धेचा होता, यात शंका नाही. तो घेण्याची तऱ्हा मात्र स्वभावाची होती. श्रद्धेची किंमत एकाने ठरवावी आणि ती दुसऱ्याने भरावी, असे धर्मनेत्यांच्या घरांत, आणि धर्मग्रामांतही, अनेकदा घडते. लक्ष्मीबाईंनी याबद्दल आक्रोश केलेला नाही. पण झाकपाकही केलेली नाही.

येथे या पुस्तकाविषयी, किंबहुना आपल्या वाचनाविषयी, एक तक्रार नोंदविली पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विनोद इतका सहज आहे, की वाचक हसण्यातच समाधान मानतो. टिळकांची विसराळू वृत्ती, त्यांचा उधळेपणा, त्यांची धांदल हे सारे आपण गमतीचे किस्से म्हणून एकमेकांना सांगतो. परंतु हा विनोद करमणुकीपुरता नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासंबंधी खरे बोलण्याची, आणि तरीही त्याच्याबरोबर नांदण्याची, लक्ष्मीबाईंनी शोधलेली ती रीत आहे. आपण नुसते हसलो, तर त्या पाच वर्षांचे दुःख आपल्या नजरेतून निसटते. स्वतः लेखिकाही काही ठिकाणी हसून इतक्या लवकर पुढे सरकतात, की जखम किती खोल होती हे वाचकाला तर्काने जाणावे लागते. एरवी निर्दोष असणाऱ्या या कथनाची ही एक मर्यादा मानावी लागेल.

टिळकांचा मोठेपणा कशात होता, याचे उत्तरही याच पुस्तकात सापडते. ते निर्दोष नव्हते. पण त्यांच्या घरात त्यांना उलट बोलणारे माणूस होते आणि त्यांनी ते तोंड बंद केले नाही. उलट, त्याच पत्नीला त्यांनी लिहा-वाचायला शिकविले, तिच्या कवितेचे कौतुक केले. पुन्हा एकत्र आल्यावर धर्मांतरासाठी त्यांनी तिच्यावर बळजबरी केली नाही. जातिभेद देवाने निर्माण केलेला नाही, या निर्णयाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. १८९५ साली पत्नीला न विचारणारा माणूस पाच वर्षांनी तिच्या विवेकाची वाट पाहायला शिकला होता. कृपा निसर्गाला पूर्णत्वास नेते म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण मला मराठी साहित्यात आढळलेले नाही.

आपल्या कॅथलिक परंपरेतही हेच सूत्र आहे. अंत्युखियात पेत्र विदेशी बांधवांबरोबर जेवायचा. पण यरुशलेमहून माणसे आल्यावर लोक काय म्हणतील या भीतीने तो मागे सरला. पेत्राचा हा स्वभाव आपल्याला मुख्य याजकाच्या अंगणातील शेकोटीपासून परिचित आहे. पौलाने त्याला तोंडावर विरोध केला आणि ती गोष्ट गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नोंदविली. ख्रिस्तसभेने तो मजकूर गाळला नाही. पवित्र शास्त्र म्हणून तो आपण वेदीवरून वाचतो. लोयोलाचे संत इग्नेशियस मानरेसा येथे पापभीरुतेच्या रोगाने इतके ग्रासले, की आत्मघाताचे विचार मनात येऊ लागले. मन शांत होईपर्यंत अन्न घ्यायचे नाही, असे ठरवून त्यांनी आठवडाभर उपवास केला. पापनिवेदनाच्या वेळी ही गोष्ट त्यांनी सांगितली, तेव्हा गुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा केली आणि इग्नेशियस यांनी ती पाळली. पुढे त्यांनी 'आध्यात्मिक साधने'त अशा अतिरेकी पापभीरुतेसंबंधी जे नियम दिले, त्यांच्यामागे स्वतःच्या या अनुभवाचे ज्ञान होते. ज्याने आपली दुर्बलता दुसऱ्याला सांगितली, तोच पुढे इतरांच्या दुर्बलतेचा वाटाड्या झाला.

हे घडत नाही तेथे काय होते, याची उदाहरणे आपल्या काळाने दाखविली आहेत. जाँ व्हानिए यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये 'लार्श' ही मतिमंद बांधवांसमवेत राहणाऱ्यांची चळवळ सुरू केली. ते धर्मगुरू नव्हते, तरी जगभर त्यांना संतासमान मानले गेले. २०१९ साली त्यांचे निधन झाले आणि २०२० साली त्याच संस्थेने प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालातून निष्पन्न झाले, की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी किमान सहा स्त्रियांचे शोषण केले होते. त्यांच्या कार्याची फळे खरी होती. अपराधही खरे होते. ज्याच्याविषयी वाईट ऐकूनच घ्यायचे नाही असा भक्तिभाव भोवती दाटतो, तेथे पीडितांचा आवाज उमटायला जागाच उरत नाही. २०१८ साली देवाच्या प्रजेला लिहिलेल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी पुरोहितशाहीवर बोट ठेवले, तेव्हा तिला धर्मगुरू आणि प्रापंचिक दोघेही खतपाणी घालतात, हेही त्यांनी सांगितले.

आम्हा कॅथलिक धर्मगुरूंच्या घरी लक्ष्मीबाई नसते. ब्रह्मचर्य हे दान आहे. पण त्याबरोबर एक जोखीम येते. घरी परतल्यावर 'आज तुम्ही त्या म्हाताऱ्या बाईंवर उगाच डाफरलात' असे सांगणारे कोणी नसते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ सालच्या आपल्या प्रबोधनपत्रात म्हटले, की धर्मगुरूचे व्यक्तिमत्त्व हे लोकांना ख्रिस्ताकडे नेणारा पूल व्हावे, अडथळा होऊ नये. पूल कोठे खचला आहे, हे त्यावरून चालणाऱ्यांना प्रथम कळते. आपल्या धर्मग्रामांत मात्र दोनच रीती रूढ आहेत: समोर 'होय फादर' आणि पाठीमागे आळीत चर्चा. पहिलीने धर्मगुरू फुगतो, दुसरीने तो दुखावतो. दोहोंतून तो शिकत काहीच नाही. आपल्या मेंढपाळांना आदरपूर्वक आपले मत सांगणे हा श्रद्धावंतांचा हक्क आणि प्रसंगी कर्तव्यही आहे, असे १९८३ च्या धर्मसंहितेतील २१२ वे कलम सांगते. धर्मग्राम परिषदेत ते बोलावे, गरज पडल्यास एकांतात भेटून बोलावे. अपराधाची गोष्ट असेल, तर मात्र भीड न धरता योग्य अधिकाऱ्यांकडे जावे. तेथे विनोद आणि सबुरी यांना जागा नाही. आणि ऐकून घेण्याचे धैर्य आम्ही दाखवावे.

टिळकांच्या मृत्यूसमयी त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. दरबारातील शिष्यांनी नव्हे, लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरे केले. टिळकांचे दोष ज्यांना सर्वांत स्पष्ट दिसले होते आणि ज्यांनी ते कागदावर उतरविले, त्यांनीच त्यांचे काम तडीस नेले. 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती घ्याल, तेव्हा हे ध्यानी ठेवून वाचा.