'तुंबाड': भूक आणि लोभ

भयपटाविषयी धर्मगुरूने लिहावे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ती आमच्याही मनात आली होती. परंतु राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून अधिक गल्ला जमविला. एकदा कळलेले भय सहसा विझते. हे वाढले कशाने?

कथाबीजाचा माग नारायण धारपांच्या 'आजी'पर्यंत जातो, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण करून देते. भाषा हिंदी असली तरी वाडा, ओल आणि माणसे मराठी आहेत. (अवर्षणाच्या नगर जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हांला तो अखंड पाऊस पाहून प्रथम हेवाच वाटला, हे कबूल करतो.)

चित्रपटाचे खरे सामर्थ्य एका साध्या वस्तूत आहे: पीठ. हस्तरपाशी सोने अमाप, पण अन्नाचा कण नाही. कणकेची बाहुली दिसताच तो झडप घालतो आणि तेवढ्या अवकाशात विनायकराव त्याच्या कमरेच्या वस्त्रातून मोहरा लुटतो. तेथे राक्षस भुकेला आहे आणि माणसाचे पोट भरलेले आहे. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या 'एलियन'मध्येही अवकाशयानातील प्राण्यापेक्षा त्याला हस्तगत करू पाहणारी कंपनीच अधिक भयंकर ठरते. मात्र तेथे लोभी मालक पडद्याआड राहतो. येथे तो बाप आहे, आणि मुलाला हाताला धरून विहिरीत उतरवितो.

भूक आणि लोभ यांतील हा भेद आमच्या वाचकांना परका नाही. दुष्काळात मिशनच्या दारी उभ्या राहिलेल्या आमच्या पूर्वजांना 'धान्यासाठी बाटलेले' असे हिणविले गेले. हिणविणाऱ्यांनी भुकेलाच लोभ म्हटले; आणि आम्हीही कित्येकदा खाली मान घालून ते मान्य केले. ज्या वेदीवर गव्हाची भाकर उचलली जाते तिच्यासमोर उभे राहून अन्नाच्या गरजेची लाज वाटावी, हे आम्हांला आता विपरीत वाटते.

चित्रपट निर्दोष नाही. आरंभीच गांधीजींचे वचन दाखवून दिग्दर्शकाने प्रेक्षकावर अविश्वास दाखविला आहे. पांडुरंगाचा नकारही फार घाईने येतो. आदल्या क्षणापर्यंत बापाहून अधिक हाव धरणारा हा मुलगा शापग्रस्त पित्याने पुढे केलेले सोने कसे नाकारतो? त्या वळणाला आणखी थोडा अवधी हवा होता. तरीही पित्याला अग्नी देणारा तो मुलाचा चेहरा खोटा वाटत नाही.

पांडुरंग रित्या हातांनी निघतो. त्या रात्री तो काय जेवला असेल, हे दिग्दर्शकाने दाखविलेले नाही. आम्ही मात्र तेथेच अडून राहिलो.