जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’

नांदेड-लातूरकडच्या उर्दू शाळांची जुनी जनरल रजिस्टरे चाळली तर ‘धर्म’ आणि ‘जात’ या दोन्ही रकान्यांत पानामागून पान बहुधा एकच शब्द दिसतो : मुसलमान. ज्याचा बाप गाद्या भरायचा, ज्याच्या घरी बांगड्यांचा धंदा होता, ज्याचे आजोबा गावात मुलाणकी करीत, ते सगळे या एका शब्दात मावले आहेत. हाच शब्द पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतो. मग मुलगी कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बसते. तिथे धर्म, जात आणि प्रवर्ग असे तीन वेगळे रकाने असतात. तिसऱ्या रकान्यापाशी तिचा पेन अडतो आणि ती ‘खुला’ लिहून मोकळी होते.

वास्तविक हा प्रश्न शासनाने 1994 मध्येच बऱ्याच अंशी सोडवला होता. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा असलेले दिलीपकुमार त्या चळवळीबरोबर गावोगाव हिंडले. त्यातून 7 डिसेंबर 1994 चा शासन निर्णय झाला आणि मुस्लिमांतील तत्सम जातींना इतर मागासवर्गाच्या सवलतींचा मार्ग खुला झाला. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मणियार, कुरेशी, मुलाणी ही नावे आपल्या गल्लीतलीच आहेत. छप्परबंद तर विमुक्त जातींत मोडतात. म्हणजे दार उघडे आहे. अडचण आहे ती दारापाशी मागितल्या जाणाऱ्या कागदाची. ओबीसीचा दाखला हवा तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो : वडिलांचा किंवा आजोबांचा निर्गम उतारा, खासरा पत्रक, वंशावळ, शपथपत्र. जात सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर टाकली आहे. आणि आजोबांच्या उताऱ्यावर काय असते? मुसलमान!

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अर्जावरही वंशाचा रकाना असतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याला मनाई केली. पण तिथे विद्यार्थी स्वतःला जो समजतो त्यावर खूण करतो. आमच्याकडे मुलगी स्वतःला काय समजते हे कुणी विचारत नाही. तिच्या आजोबांना साठ वर्षांपूर्वी एका कारकुनाने काय लिहिले, ते विचारतात.

कारकुनाला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाला पालक येतात. आम्ही जात विचारली की उत्तर येते, “सर, मुसलमान लिखो ना, जात कायकू होना?” आम्ही रकाना समजावून सांगतो. बाप विचारात पडतो, आई पदराआडून म्हणते, “इस्लाम में जातां नै ना जी.” तिचे म्हणणे दीनाच्या दृष्टीने सोळा आणे खरे आहे. पण अर्जावरचा रकाना अकीद्याविषयी विचारत नाही. समाजाने तुमच्या घराण्याला कोणत्या पायरीवर बसवले, एवढेच तो विचारतो. आणि ती पायरी आपल्यात नाही असे कोण म्हणेल? मुलीच्या रिश्त्याची गोष्ट निघाली की पहिला सवाल बिरादरीचा असतो. अर्जाच्या वेळी मात्र सर्वांना मसावात आठवते. यातही ज्यांची बिरादरी वरची आहे त्यांचे काही बिघडत नाही. सय्यद-पठाणांच्या गरीब मुलांसाठी 2019 पासून आर्थिक दुर्बल घटकाचा रकाना आहे. बुडतो तो पिंजाऱ्याचा मुलगा. त्यात आडनावाचा घोळ वेगळाच. मराठवाड्यात मणियारही शेख, पिंजारीही शेख. नावावरून काहीच कळत नाही.

बिरादऱ्या मोजत बसलो तर उम्मत फुटेल, सर्व मुसलमानांना एकत्रच आरक्षण मागावे, असेही म्हटले जाते. जुलै 2014 मध्ये त्याच्या जवळ जाणारा प्रयोग झाला. पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो चालू ठेवला, पण विधिमंडळात त्याचा कायदा झाला नाही आणि वर्ष संपता संपता तो संपला. त्यासाठी मोर्चे काढणाऱ्यांनी 1994 च्या निर्णयाचा कागद गावोगाव वाचून दाखवला असता तर जास्त मुले शिकली असती, असे आमचे मत आहे. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातला एक आकडा इथे बोलका आहे. स्वतःला ओबीसी सांगणाऱ्या मुसलमानांचे देशातील प्रमाण 1999-2000 मध्ये 31.7 टक्के होते, ते 2004-05 मध्ये 40.7 टक्के झाले. पाच वर्षांत नऊ टक्के माणसे जन्माला येत नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली.

दरम्यान, निजामाच्या काळच्या दप्तराला 2023 पासून फार भाव आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शिंदे समितीने ते धुंडाळले, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णयही आला. मराठा शेतकऱ्याला त्याचा कागद मिळत असेल तर आनंदच आहे. पण उर्दूतल्या त्या नोंदींत पिंजारी, मोमीन, मुलाणी शोधण्यासाठी कोणती समिती बसली?

आता साहित्याकडे वळू. दया पवारांनी 1978 मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले आणि गावगाड्यातला वाटा मराठी वाचकाला कळला. गावगाड्यात मुलाणीही बलुतेदारच होता. पण आपल्या कथा-कवितांत तो येतो तो बहुधा नुसता ‘मुसलमान’ होऊन : दंगलीत भेदरलेला, देशप्रेम सिद्ध करणारा. त्याची सुरी, त्याचा वाटा, त्याच्या ताटाशी न बसणारा सय्यद शेजारी, हे क्वचितच येते. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्याच्या आयोजकांपैकी फकरुद्दीन बेन्नूर मुस्लिमांतील जातिव्यवस्थेविषयी लिहीत-बोलत राहिले. त्यांचा हा धागा वैचारिक लेखांत राहिला, ललित लेखनात फारसा उतरला नाही. आम्ही मराठी आहोत हे सांगण्यात आमच्या पिढ्यांची शाई खर्ची पडली. आमच्यातला कोण कुणाच्या घरी पाणी पितो, हे लिहायचे राहून गेले. लेखकानेही जनरल रजिस्टरसारखाच रकाना भरला.

2027 च्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी ठरवले. प्रगणक म्हणून घरोघर पाठवले जातात ते बहुधा आम्ही शिक्षकच. देगलूर नाक्यावर किंवा उदगीरच्या एखाद्या गल्लीत दार उघडेल, आम्ही जात विचारू, आणि आतून तेच उत्तर येण्याआधी त्या घरात कुणीतरी या विषयावरचे काही वाचलेले असेल का, हे आपल्या लेखकांना विचारायचे आहे.