जालन्याच्या घराला किती तारे?

फ्रीज विकत घेताना त्यावर चिकटवलेले तारे आपण मोजतो. असे तारे आता घरांनाही देण्याची सोय झाली आहे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली आणि पुढे घरांसाठी तारांकनही सुरू केले. घर बांधण्यापूर्वीच ते किती तापेल याचा हिशेब मांडावा, हा विचार स्वागतार्ह आहे. परंतु जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावात उभे राहून हा हिशेब तपासला, तर काही प्रश्न उभे राहतात.

प्रथम चांगली बाजू पाहू. संहितेने देशाचे पाच हवामान-विभाग मानले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि शीत. शेजारचे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) उष्ण-कोरड्या विभागात येते, आणि जालन्याची हवाही त्याच जातीची. कोकणासारख्या दमट प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या निदान १६.६६ टक्के असावे. कोरड्या प्रदेशात १० टक्के पुरे, असे संहिता सांगते. घामाला वारा हवा आणि लू घराबाहेरच ठेवायला हवी, ही आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट येथे नियमात आली आहे.

आता भिंतीकडे वळू. भिंती आणि खिडक्या यांतून दर चौरस मीटरमागे सरासरी किती उष्णता आत येते, याचा एक आकडा काढायचा आणि तो १५ वॅटच्या आत ठेवायचा, असा नियम आहे. त्यासाठी भिंतीचा उष्मासंक्रमण गुणांक घेतात. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, तो हा गुणांक. कोरड्या हवामानात त्याला ६.०६ ने गुणायचे, दमट हवामानात ५.१५ ने. म्हणजे जालना आणि रत्नागिरी यांच्या भिंतींत फरक उरतो तो फक्त गुणण्याच्या आकड्याचा. संमिश्र हवामानाला तर कोरड्या हवामानाचेच आकडे लावले आहेत.

खरा फरक मात्र वेगळाच आहे. उन्हाळ्यात जालन्याला दुपार आणि पहाट यांच्या तापमानात सुमारे १५ अंशांची तफावत असते; किनाऱ्यावर ती साधारण निम्मी. दीड फुटी मातीच्या भिंतीचा गुणांक अंदाजे १.३ येतो, तर आठ इंची हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीचा ०.८. कागदावर ठोकळे जिंकले! पण मातीच्या जाड भिंतीतून दुपारच्या उन्हाची लाट आत पोहोचायला सुमारे बारा तास लागतात, आणि वाटेत ती पुष्कळ दबते. तोवर मध्यरात्र उलटलेली असते, बाहेर गारवा आलेला असतो. खिडक्या उघडल्या की भिंत थंड होऊन दुसऱ्या दिवसासाठी तयार! रत्नागिरीत रात्र पुरेशी थंड होत नाही, म्हणून तेथे हीच जाड भिंत फारशी उपयोगी पडत नाही. किती उष्णता येते हे संहिता विचारते. ती केव्हा येते हे विचारत नाही. कोरड्या प्रदेशात हा ‘केव्हा’च महत्त्वाचा. आपली धाब्याची घरे आणि जुने वाडे याच प्रश्नाचे उत्तर होते.

दुसरा आक्षेप छपराविषयी. भिंतींच्या आकड्यात छप्पर येत नाही, त्याला १.२ या गुणांकाची वेगळी मर्यादा आहे. मर्यादा योग्यच आहे. उघड्या सिमेंटच्या स्लॅबचा गुणांक ३ ते ४ असतो आणि नुसत्या पत्र्याचा सहाच्या आसपास. म्हणजे जेथे गरज सर्वांत मोठी, ती घरे या मर्यादेपासून फार दूर आहेत. पण २०१८ ची संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या, त्याही १०० किलोवॅट जोडभाराच्या. ही मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना आहे. पण पत्र्याच्या दोन खोल्यांपर्यंत ती कितीही ओढली तरी पोहोचणार नाही.

तिसरा आक्षेप मोजमापाचा. तारे दर चौरस मीटरमागे लागणाऱ्या विजेवर ठरतात, आणि शयनगृहात वातानुकूलन आहे असे गृहीत धरलेले असते. समजा, १५० चौरस मीटरच्या बंगल्याला दर चौरस मीटरला ४० युनिट लागतात आणि ४० चौरस मीटरच्या घराला ६०. तारे बंगल्याला जास्त. पण वर्षाची वीज बंगल्याची ६,००० युनिट आणि लहान घराची २,४००. आणि ज्या घरात पंखाच काय तो आहे, तेथे विजेचे युनिट मोजून काय कळणार? तेथे मोजायला हवेत ते असह्य उकाड्याचे तास.

हे तास मोजणे आपल्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. मार्च महिन्यात पत्र्याच्या, स्लॅबच्या आणि मातीच्या अशा तीन घरांत सारख्या उंचीवर, ऊन लागणार नाही असा एकेक तापमापक टांगावा. चौथा बाहेरच्या सावलीत. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला नोंद करून आलेख काढावेत. शिखराची उंची पाहावी आणि शिखराची वेळही. पत्र्याची शाळा असेल तर एक आलेख वर्गाचाही काढावा, आणि तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. मुले दुपारी कोणत्या तापमानात बसतात, हे त्या आलेखावरून समितीला दिसेल.

संहिता टाकून द्यावी असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिने सुरुवात केली आहे. पुढच्या आवृत्तीत भिंतीच्या जडपणाला आणि रात्रीच्या गारव्याला स्थान मिळावे, आणि लहान घरांसाठी छपरापुरता एक साधा, स्वस्त नियम असावा. तोवर छपराला चुन्याचा पांढरा हात द्यायला कोणत्याही ताऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.