तानसेनचा चेहरा

संगीत शिकवताना रचनाकार दिसायला कसा होता हे सांगणे गरजेचे आहे काय? स्वरांपुरते विचाराल तर मुळीच नाही. गाणाऱ्याचा वर्ण गोरा की सावळा, याने गांधार चढत नाही आणि उतरतही नाही. पण आम्ही पडलो शाळामास्तर. मुलांच्या कानांआधी त्यांचे डोळे कामाला लागतात, हे आम्ही रोज पाहतो.

तक्त्यांवर आणि गोष्टींच्या पुस्तकांत भेटणारा तानसेन बहुधा गोरापान, मोत्यांच्या माळा घातलेला, समोर आपोआप पेटलेले दिवे असा असतो. स्नेहसंमेलनात ती भूमिका मग वर्गातल्या सर्वांत उजळ मुलाकडे जाते. सुरात गाणारा सावळा मुलगा पडद्यामागे बसून गातो. याला किरकोळ बाब म्हणावे, असे आम्हांला वाटत नाही.

वास्तविक अकबरकालीन एक लघुचित्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यातला तानसेन सावळा आहे. चेहरा दाखवायचाच तर तो दाखवा!

चित्रपटाने दिलेला चेहरा आणखी खोल रुजला. १९५२च्या ‘बैजू बावरा’त सुरेंद्र यांचा तानसेन दरबारी ऐटीत बसतो, आणि भारत भूषण यांचा भोळा बैजू त्याला हरवतो. पोशाख पाहून प्रेक्षक बाजू ठरवून मोकळा होतो: एक आपला, एक त्यांचा. आता तीच जुगलबंदी डोळे मिटून ऐका. तानसेनसाठी उस्ताद अमीर खाँ गातात, बैजूसाठी द. वि. पलुसकर. राग एकच, देसी. संगीत नौशाद यांचे, शब्द शकील बदायुनी यांचे. कानांना तिथे वैर सापडत नाही. एकाने स्वर ठेवावा, दुसऱ्याने तो अदबीने उचलून पुढे न्यावा, असा तो मामला आहे. पडद्यावरचा जय-पराजय पटकथेचा. गाण्यात कोणी हरलेले आम्हांला तरी ऐकू आले नाही.

तानसेन हिंदू की मुसलमान, हे मुले विचारतातच. ग्वाल्हेरला त्याची कबर सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी आहे, परंपरा त्याला स्वामी हरिदासांचाही शिष्य मानते आणि त्याच्या नावावरची ध्रुपदे ब्रजभाषेत आहेत. एवढे सांगावे आणि पुढे जावे. आपल्यातल्या काही पालकांना वर्गात चित्रच नको असते. त्यांच्याशी हुज्जत कशाला? मियाँ की मल्हार ऐकवायला चित्र लागत नाही. (संगीतच नको म्हणणाऱ्यांशी बोलायचे ते वेगळे, ते पुन्हा केव्हातरी.)

उलट उदाहरण उस्ताद अल्लादिया खाँ यांचे. खाँसाहेबांची छायाचित्रे आहेत, त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका मात्र नाही. तो फेटा, त्या मिशा कितीही न्याहाळा, एक तान हाती लागायची नाही. त्यांची गायकी आपल्याला भेटते ती केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोन गोमंतकीय बायांच्या गळ्यातून. खाँसाहेबांच्या चेहऱ्याशी त्यांच्या चेहऱ्यांचे काय साम्य? म्हणून वर्गात आधी केसरबाईंची ध्वनिमुद्रिका लावावी. खाँसाहेबांचे छायाचित्र त्यानंतर, कोणी मागितले तर.