ऋतुवर्णन आणि सुगी : माघ-फाल्गुनातील ग्रामजीवनाच्या चित्रणाचा विचार

१

मराठी काव्यातील निसर्गाचा विचार करताना ऋतुवर्णन हा स्वतंत्र काव्यविषय मानण्याची प्रथा आपल्या समीक्षेत रूढ आहे. या प्रथेचे मूळ संस्कृत काव्यपरंपरेत आहे, हे उघडच आहे. वर्षाचे सहा ऋतू आणि प्रत्येक ऋतूचे ठरलेले संकेत : वसंताला आम्रमंजरी, कोकिळ आणि मलयानिल, शिशिराला दहिवर, पानगळ आणि उबेची ओढ. हे संकेत कवितेत कितपत उतरले आहेत आणि कवीने त्यांत स्वतःची भर काय घातली, याचा शोध घ्यावयाचा, अशी ही पद्धत आहे. नागर कवितेच्या बाबतीत ती बरीच उपयोगी ठरते. परंतु ग्रामजीवनातून उगवलेल्या कवितेला हीच फूटपट्टी लावली, की तिच्यात निसर्ग थोडा आणि कामाचा तपशील फार, असा निष्कर्ष पदरी पडतो. हा दोष कवितेचा नसून फूटपट्टीचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

यासाठी शिशिर आणि वसंत यांचा संधिकाल विशेष सोयीचा आहे. शास्त्रानुसार माघ-फाल्गुन हे शिशिराचे व चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने होत. तथापि वसंतपंचमी येते ती माघ शुद्ध पंचमीस, आणि वसंतोत्सवाची परंपरा सांगणारी होळी येते ती फाल्गुनी पौर्णिमेस. म्हणजे वसंताच्या नावाने साजरे होणारे हे दोन्ही दिवस महिन्यांच्या गणनेने शिशिरातच पडतात. पंचांगाच्या दोन हिशेबांतच जेथे मेळ नाही, तेथे दख्खनच्या पठारावरील शेतकऱ्याला ऋतू पालटल्याचे कळते तरी कशावरून? त्याचे उत्तर कोकिळेच्या स्वरात नाही. ते पिकाच्या अवस्थेत आणि त्या अवस्थेने नेमून दिलेल्या कामात आहे. या कामाच्या काळाला मराठीने ‘सुगी’ असे नाव दिले आहे. ते सहा ऋतूंच्या यादीत नाही; परंतु ग्रामजीवनाच्या दृष्टीने तोच खरा ऋतू होय.

२

या काळातील कामांचा क्रम ध्यानात घेतल्यावाचून पुढील विवेचन नीट कळणार नाही. रब्बीची ज्वारी दाण्यात भरू लागली, की पाखरांपासून तिची राखण सुरू होते. माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणे हे काम आहे. पण नेम धरून धोंडा भिरकावण्यात जी चुरस लागते ती खेळाची आहे. दाणा कोवळा असतानाच गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजून, ती गरम असतानाच हातावर चोळून हुरडा खाल्ला जातो. पीक तयार झाले, की ते कापून किंवा उपटून त्याच्या पेंढ्या बांधतात, कणसे खुडतात आणि ती खळ्यावर आणतात. जमीन चोपून व शेणाने सारवून खळे केलेले असते. मधोमध मेढ रोवलेली असते, आणि तिच्याभोवती बैलांची पात फिरते. मळणीनंतर उफणणी येते. तिवईवर उभे राहून सुपातून किंवा पाटीतून धान्य वाऱ्यावर सोडावयाचे. भूस उडून जाते व दाणे खाली पडून रास होते. ऊसकरी भागात याच सुमारास गुऱ्हाळे चालू असतात. रात्रभर चुलवण पेटते राहते आणि कढईपाशी रस, काकवी व ताजा गूळ यांच्या आशेने पोरे घोटाळत असतात. कामे उरकत येतात तो शिमगा येतो. लाकडे आणि गोवऱ्या गोळा करणे, प्रसंगी त्या कोणाच्या परड्यातून लांबविणे, हा मुलांचा मानलेला हक्कच असतो. पुढे चैत्रात ठिकठिकाणच्या जत्रा व कुस्त्यांचे फड भरतात.

या क्रमात एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. काम येथे संपले आणि खेळ येथे सुरू झाला, अशी रेघ कोठेही ओढता येत नाही. राखण करता करता गोफणीची चढाओढ होते. राखणीच्या मुक्कामातच हुरड्याची आगटी पेटते. वारा पडला म्हणून उफणणी थांबली, की त्या रिकाम्या वेळात थट्टामस्करी रंगते. विरंगुळा हा कामाच्या सांध्यांतून निर्माण होतो. आज शहरालगतच्या शेतांवर पैसे मोजून हुरड्याच्या मेजवान्या होतात. त्यांत हुरडा तोच असला तरी राखण गळून गेलेली असते, आणि म्हणून त्या प्रसंगाचा अर्थही निराळा होतो. जी समीक्षा ग्रामीण कवितेतील आनंदाचा प्रसंग तेवढा उचलून त्यामागील काम बाजूला सारते, तीही एक प्रकारे हेच करीत असते.

३

ही दृष्टी परंपरेला सर्वस्वी अपरिचित होती असे मात्र नाही. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’चा पाचवा सर्ग शिशिराचा आहे. त्याच्या आरंभी पक्व साळी आणि ऊस यांनी भरलेली भूमी दिसते, आणि शेवटी गुळापासून केलेल्या पदार्थांची रेलचेल असल्याचा उल्लेख येतो. निरीक्षण अचूक आहे. परंतु साळी कापणारा, ऊस गाळणारा, कढईपाशी जागणारा माणूस या सर्गात नाही. गूळ आहे, गुऱ्हाळ नाही. सर्गाचे सारे लक्ष बंद दालनातील उबेकडे आणि प्रणयी जनांकडे आहे. कृषिकर्माचे फळ हे विलासाचे साधन म्हणून येथे प्रवेश करते.

याच्या शेजारी हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ ठेवून पाहावी. माहाराष्ट्री प्राकृतातील या संग्रहाची मराठी अनुवादासह सिद्ध झालेली स. आ. जोगळेकर यांची आवृत्ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि मराठी अभ्यासकांना हे धन सहज उपलब्ध झाले. गाथाही शृंगारप्रधानच आहेत; पण त्यांतील शृंगार शेताच्या बांधावर उभा आहे. एका गाथेत साळीची शेते पिकून पांढुरकी झाल्यामुळे नायिका रडते, कारण संकेतस्थळ आता नाहीसे होणार. तिची समजूत घालणारी स्त्री तिला पिवळ्या फुलांनी नटलेली तागाची वाडी दाखविते. येथे पिकाची कापणी ही प्रेमकथेतील घटना आहे. दुसऱ्या एका गाथेत ऐन माघ महिन्यात शेतकरी आपले पांघरूण देऊन बैल घेतो. प्रियेच्या सहवासाची ऊब त्याला पुरेशी वाटते. टीकाकारांनी या गाथेतील शृंगाराची वाखाणणी करावी हे योग्यच आहे. परंतु पांघरुणाच्या बदल्यात त्याने घेतले काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. त्याने घेतला तो बैल, म्हणजे मळणीचे, मोटेचे आणि पुढील नांगरटीचे बळ. थंडी सरणार आहे आणि काम उरणार आहे, हा हिशेब त्या व्यवहारात आहे. ऋतूचा पालट दर्शविण्यासाठी गाथाकाराला एकाही फुलाचे नाव घ्यावे लागलेले नाही. फाल्गुनोत्सवाच्या एका गाथेत तरुणीच्या अंगावर फेकला जातो तो चिखल आहे. ज्या मातीत राबावयाचे तीच या दिवशी खेळाचे साधन होते.

गाथांचे कर्ते शेतकरी होते असा याचा अर्थ नव्हे. ग्रामजीवनाकडे किंचित दुरून, कौतुकाने पाहणाऱ्या रसिकाची ही दृष्टी असणे शक्य आहे. तरीही काम आणि खेळ यांचे नाते या दृष्टीने अचूक पकडले, एवढे निश्चित म्हणता येते.

४

हे नाते आतून, म्हणजे राबणाऱ्या माणसाच्या बाजूने व्यक्त झाले ते बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांत. बहिणाबाईंचा जन्म १८८० मध्ये जळगावजवळील असोदे येथे झाला व १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये प्रकाशात आला. या संग्रहातील पेरणी, कापणी, रगडणी आणि उपननी या विषयांवरील कवितांना ‘शेतीविषयक कविता’ असे नाव देऊन वेगळे काढण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः हे बहिणाबाईंचे ऋतुवर्णन होय.

‘उपननी’ या कवितेकडे पाहिले असता हे स्पष्ट होते. संस्कृत परंपरेतील वारा विरहिणीला जाळतो किंवा सुगंध वाहून आणतो; तो भावनेचा उद्दीपक आहे. बहिणाबाई वाऱ्याला हाक मारतात ती खळ्यावर काम खोळंबले आहे म्हणून. त्याला मारुतीचा बाप म्हणून नात्यात बांधतात, आणि तो येत नाही म्हणून त्याच्यावर रागावतातही. या हाकेत आर्जव, थट्टा आणि दटावणी एकत्र आहेत. वारा येथे कामाचा जोडीदार आहे, आणि जोडीदार वेळेवर आला नाही तर त्याला बोलण्याचा हक्क असतोच. हा सूर विरंगुळ्याचा म्हणावा की श्रमाचा? दोन्हींपैकी एकच नाव दिले तर कविता अर्धी हातातून निसटते.

‘गुढी उभारनी’ ही चैत्रारंभाची कविताही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. सणाच्या उभारणीबरोबरच अंगण झाडणे व शेणसडा घालणे यांचे भान तिच्यात आहे, आणि मनातील जुनी अढी टाकून देण्याचा उपदेशही त्याच ओघात येतो. अंगण झाडणे आणि मन झाडणे ही दोन्ही एकाच सकाळची कामे ठरतात. निर्भेळ खेळ बहिणाबाईंच्या कवितेत येतो तो ‘आखजी’त, म्हणजे वैशाखातील अक्षय्यतृतीयेस. त्या वेळी शेतातील धान्य घरात आलेले असते आणि माहेरी आलेल्या मुली झोक्यावर बसलेल्या असतात. खेळाला स्वतंत्र स्थान मिळते ते कामाचे वर्तुळ पुरे झाल्यावर, हा क्रम येथे लक्षणीय आहे.

१९५६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ या ग्रंथाशी तुलना केली असता भेद अधिक उठून दिसतो. महिन्यामहिन्याचे वृक्ष, फुले, पाखरे आणि आकाश यांचे इतके सूक्ष्म व रसपूर्ण निरीक्षण मराठीत विरळाच. परंतु ‘ऋतुचक्रा’तील ऋतू हा मुख्यतः पाहावयाचा आहे, बहिणाबाईंचा ऋतू हाताळावयाचा आहे. एकीने दुसरी उणी ठरत नाही. मात्र एकीचे निकष दुसरीस लावणे अन्यायाचे होईल.

५

एवढ्यावर थांबणे मात्र धोक्याचे आहे. काम आणि आनंद यांचे ऐक्य दाखविताना समीक्षा फार लवकर सुखावते आणि खळ्यावर कोण कोण उभे आहे हे पाहावयाचे विसरते. रास पडली, की तेथेच वाटणी होत असे. बलुतेदारांचा वाटा खळ्यावरच दिला जाई. या वाटणीची दोन परस्परविरुद्ध चित्रे मराठी गद्यात आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाडा’ या ग्रंथात हे दृश्य कुणब्याच्या बाजूने पाहिलेले आहे. कारू-नारू आणि फिरस्ते यांच्या मागण्यांखाली त्याची रास कशी सरत जाते, हा आत्रे यांच्या चिंतेचा विषय आहे. याउलट दया पवार यांच्या १९७८ मधील आत्मकथनाचे नावच ‘बलुतं’ आहे. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले, की तोच वाटा गावकीच्या राबणुकीचा अपुरा आणि मानहानीचा मोबदला ठरतो. महार वतनाच्या या बंधनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली.

तेव्हा एकाच खळ्याची तीन दर्शने मराठीत उपलब्ध आहेत : बहिणाबाईंचे, आत्र्यांचे आणि पवारांचे. पहिल्यात रास हे कष्टाचे सार्थक आहे, दुसऱ्यात ती गळती आहे, तिसऱ्यात ती परावलंबन आहे. सुगीचा आनंद खोटा नव्हता. पण तो सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नव्हता. शिवाय तो पावसावरही अवलंबून होता. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळाने वस्ती उठून जाते, आणि गावाने एकजुटीने उभारलेली तालीम ओस पडणे त्यापाठोपाठ येतेच. काम नाहीसे झाले, की खेळही राहत नाही, हा नियम तेथे उलट बाजूने सिद्ध होतो.

६

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण निश्चित आहे. ग्रामजीवनाच्या कवितेतील ऋतू ओळखावयाचा तर फुलांची आणि पाखरांची यादी पुरेशी नाही. कोणते काम चालू आहे, ते कोण करीत आहे, त्याच्या सांध्यांत कोणता विरंगुळा उमलतो आणि फळ कोणाच्या पदरी पडते, हे चार प्रश्न विचारावे लागतात. पहिले तीन प्रश्न बहिणाबाईंची कविता उलगडतात, चौथा तिच्याभोवतीचा समाज.

यासाठी शब्दांचे ज्ञान ही पहिली पायरी आहे. मळणीयंत्र आल्यापासून मेढ, पात, तिवई, उफणणी हे शब्द बहुतेक विद्यार्थ्यांना केवळ कोशातून ठाऊक होतात, आणि कोशातील अर्थ वस्तूचे रूप सांगतो, तिची लय सांगत नाही. वाऱ्याची वाट पाहत सूप धरून उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ‘उपननी’तील वाऱ्यावरचा राग ही केवळ एक गोड कल्पना वाटेल. ज्यांनी स्वतः उफणणी केली आहे अशी माणसे अजून खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्याकडून कामाचा क्रम, शब्द आणि हाका टिपून घेऊन त्यांच्या आधारे या कवितांच्या सटीप आवृत्त्या सिद्ध करणे, हे मराठी विभागांनी विलंब न लावता हाती घेण्याजोगे काम आहे.